दुसऱ्याच्या गळ्यातून

ब्रॅडफर्ड, इंग्लंड
१७ मे १९८६

तोमो,

पाकिटावरचा पत्ता मी मुद्दाम मियोशीकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच टाकून दिलं असतंस. आता फोडलंच आहेस तर वाचूनही टाक. फार नाही, दोन पानं आहेत.

इथे येऊन अकरा दिवस झाले. सहा कार्यक्रम झाले, सात राहिलेत. गोंदा, मियोशी, मी, रेकॉर्ड कंपनीच्या प्रेन्टिसने दिलेला गायक क्लाइव्ह, आणि गाडी चालवणारा एक अतिशय गप्प माणूस, असे पाच जण एकाच गाडीत दिवस काढतो. गाडीला ओल्या सतरंजीचा वास येतो. गोंदा ड्रमच्या पेट्यांना टेकून झोपतो. मियोशीचं पोट बिघडलंय. सारखा म्हणतो, "मला एक वाटी मऊ भात आणि एक खारवलेला आलुबुखार द्या रे, मग मी मेलो तरी चालेल." इथे जे मिळतं ते तळलेलं असतं आणि त्यावर हे लोक व्हिनेगर ओततात.

तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. कार्यक्रम बरे होतायत. पहिल्या ठिकाणी चाळीसेक माणसं होती. काल सतरा. गोंदा म्हणाला, "सतरा कुठली? पंधरा. दोघं बिअर ओतणारे होते." मग बूट काढता काढता म्हणाला, "कुबोता आजोबांच्या चटयांच्या गोदामावर आपण वाजवायचो, तेव्हा याहून जास्त लोक तक्रार करायला यायचे." आम्ही तिघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

आपल्या बँडचं नाव इथे कुणाला म्हणता येत नाही. 'तेत्तो'चं 'टेटो' करतात. आपल्या गावावरून गेलेले विजेचे मनोरे बघून तू हे नाव ठेवलंस, असं काल मी एका मुलीला सांगायला गेलो. ती हिरमुसून म्हणाली, "म्हणजे सामुराई वगैरे काही नाही?" पोस्टरवर आमच्या मागे त्यांनी एक सामुराई काढलाय. त्याची तलवार चिनी आहे.

मार्चमध्ये जे झालं त्याबद्दल लिहायचं होतं. तुला वाटतं तसं ते नव्हतं, तोमो. ते कंपनीने ठरवलं. आवाज बदलला नाही तर रेकॉर्ड निघणारच नाही, असं प्रेन्टिसचं पत्र आलं होतं. आमच्या हातात काही नव्हतं. तुला आधी सांगायला हवं होतं, एवढं मात्र खरं. मी सांगणार होतो. रोज ठरवायचो.

खोकला कमी आहे का?

इसाओ


नॉटिंगहॅम
२६ मे

तोमो,

उत्तराची वाट बघत नाही. आम्ही कुठेच दोन दिवसांवर थांबत नाही, तेव्हा उत्तर यायचं तरी कुठे?

क्लाइव्हबद्दल सांगतो. तो वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. चाळिशीचा आहे. एरवी घरांना रंग देतो, त्यामुळे नखांत कायम पांढरं असतं. घरी दोन मुली. रोज गाण्याआधी मला बाजूला घेऊन विचारतो, "ही ओळ त्याने कशी म्हटली होती?" तुझी टेप ऐकून ऐकूनच त्याने सगळं बसवलंय ना. परवा म्हणाला, "तुमचा तो माणूस श्वास नेमका कुठे घेतो तेच मला सापडत नाही." मी म्हटलं, "तो बॉयलरच्या कारखान्यात काम करतो. तिथे श्वास जपून घ्यायची सवय लागते." मी गमतीत म्हटलं होतं. त्याने गंभीरपणे मान डोलावली.

गाडीत बसून बसून आज ओगिनो बाईंचं घर आठवत होतो. दर मंगळवारी पाळी सुटली की तू कारखान्याच्या कपड्यांतच त्यांच्याकडे जायचास. एक वर्ष. एकही मंगळवार चुकवला नाहीस. बदल्यात त्यांच्या न्हाणीघरातला बंब दुरुस्त करून दिलास, मग गळकं छप्पर, मग शेजारणीचा बंब. मी दारात बसून ऐकायचो. बत्तीस वर्षांचा तू, खांद्याखाली आलेले केस, हातात बाईंचा छोटा आरसा.

"जीभ वर, तोमोहिको! दातांच्या मागे! लाइट. राइट नव्हे, लाइट!"

"बाई, माझी जीभ आखूड आहे. तिथवर पोचतच नाही."

"शाळेत मी फळ्याकडे वळले की वाकुल्या दाखवायला बरी पोचायची!"

ऑक्टोबरात ओसाकाच्या स्टुडिओत तू दहाच्या दहा गाणी इंग्रजीत गायलास. शेवटचं गाणं संपल्यावर काचेपलीकडून माझ्याकडे बघून तू बोटाने जीभ वर असल्याची खूण केलीस. मी अंगठा दाखवला. मला तेव्हाच कळलं होतं, तोमो. आवाज पहिल्यासारखाच होता, भट्टीचं दार उघडावं तसा. पण शब्द पावलं मोजत मोजत चालत होते. जपानीत तू कधीच असा चालत नाहीस.

आणि मार्च. नव्या रेकॉर्डचं पार्सल गोदामावर आलं, मी कोबेला ऑफिसात होतो. तू ते न फोडता थेट बाईंकडे घेऊन गेलास, पहिल्यांदा त्यांनीच ऐकावं म्हणून. मला कुबोता आजोबांनी फोनवर सांगितलं आणि मी स्टेशनापासून पळत सुटलो. पोचलो तेव्हा पहिलं गाणं सुरू होऊन गेलं होतं. तू इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गुडघ्यांवर ताठ बसला होतास. बाई तुझ्याकडे बघत म्हणाल्या, "तोमोहिको, हा तू नाहीस."

तू उठला नाहीस. सगळी बाजू ऐकलीस. मग तबकडी उलटून दुसरी बाजूही ऐकलीस. बाईंना वाकून नमस्कार केलास. आणि मला म्हणालास, "त्याचा 'ल' चांगला आहे, नाही?"

बस, तेवढंच. त्यानंतर तुझ्या तोंडून मी एक शब्दही ऐकलेला नाही. तू थोबाडीत मारली असतीस तर एव्हाना आपण त्यावर हसत असतो.

इसाओ


टिलबर्ग, हॉलंड
१ जून

तोमो,

हे पत्र मात्र पूर्ण वाच. यात माझ्याबद्दल फार काही नाही.

परवा बोटीने इकडे आलो. मियोशीला बोट लागली, म्हणजे आता वरून आणि खालून दोन्हीकडून सुट्टी नाही. काल संध्याकाळी इथल्या एका जुन्या लोकरीच्या गिरणीत कार्यक्रम होता. तीसेक माणसं असतील. प्रेन्टिसची नवी रेकॉर्ड विकायला टेबलावर मांडली होती, तिकडे कुणी फिरकेना. लोक आपापली रेकॉर्ड घरूनच घेऊन आले होते. कुठली? आपली दुसरी. जपानी. ओसाकाच्या दुकानातून टपालाने मागवलेली. एकाने तर तिला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक शिवून घातलं होतं.

त्यांच्यात एक उंच, टक्कल पडत चाललेला माणूस होता. वाउटर नाव, इथे टपाल वाटतो. मी तारा लावत होतो तर समोर येऊन उभा राहिला. क्लाइव्हकडे बघितलं, गोंदाकडे बघितलं, मग मला विचारलं, "तोमो कुठे आहे?"

'तोमो' म्हणाला. नीट म्हणाला.

मी म्हटलं, "आजारी आहे. घशाचा त्रास."

का म्हटलं माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. तो खरोखर घाबरला. "फार आहे का? गाणार ना परत?" मी म्हटलं, "गाईल, गाईल." मग त्याने जाऊन बाकीच्यांना सांगितलं आणि ते सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं घरात कुणी आजारी असताना डॉक्टरकडे बघतात.

क्लाइव्हने नवी गाणी म्हटली. चांगली म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांना वाजवतात तशा. मग मागून कुणीतरी ओरडलं, "किता नो मोन!"

आपलं 'उत्तरेचं फाटक', तोमो. कारखान्याची पहिली पाळी, पाऊस, तुझ्या बाबांची सायकल.

क्लाइव्हला ते येत नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "हे मी शिकलेलो नाही." लोक थांबेनात. गोंदाने मला विचारलंही नाही, सुरू केलं. आम्ही तिघंच वाजवत होतो, माइकपाशी कुणी नाही. आणि शब्द समोरून यायला लागले. तीस माणसं, ज्यांना जपानीत पाणी मागता येणार नाही, ती तुझे शब्द म्हणत होती. मोडके, अर्धे, काही भलतेच. 'पाळीचा भोंगा' म्हणायच्या जागी ते 'मावशीचा भोपळा' असं काहीतरी म्हणत होते. पण श्वास, तोमो, श्वास बरोबर तू घेतोस तिथेच घेत होते. क्लाइव्ह माइकपासून दोन पावलं मागे सरकला, हात मागे बांधून उभा राहिला आणि ऐकत राहिला.

गोंदाचा ताल चुकला. वीस वर्षांत मी त्याचा ताल चुकलेला ऐकला नव्हता. बघितलं तर बाहीने तोंड पुसत होता.

नंतर वाउटरने मला एक वही दाखवली. रेकॉर्ड ऐकून ऐकून तुझी सगळी गाणी त्याने स्वतःच्या लिपीत उतरवलीत. मी विचारलं, "अर्थ कळतो का?" तो म्हणाला, "नाही. पण खोटं बोलत नाहीये एवढं कळतं."

त्याने तुझ्या घशासाठी ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांची पिशवी दिलीय, आणि एक बंद पाकीट. दोन्ही माझ्या बॅगेत आहेत. पाकीट मी फोडलेलं नाही.

इसाओ


ग्रोनिंगन
३ जून, कार्यक्रमाआधी

तोमो,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

प्रेन्टिसचं पत्र आलं होतं हे खरं. नोव्हेंबरच्या बारा तारखेला, माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. जहाज कंपनीत दिवसभर इंग्रजी पत्रं लिहिणारा मी, त्यामुळे तेत्तोची पत्रं वाचायची ती मीच आणि तुम्हाला सांगायचं तेही मीच. त्या पत्रात काय होतं ते आता सांगतो. मला ते पाठ आहे.

त्याने लिहिलं होतं, तुमच्या गायकासारखा आवाज मी गेल्या दहा वर्षांत ऐकलेला नाही, पण इंग्रजी कळत नाही. तेव्हा दोन मार्ग आहेत. एक, हीच गाणी त्याने जपानीत गावी. ती मी आनंदाने काढीन. पाचशे प्रती, दौऱ्याचं वचन नाही. दोन, इंग्रजी ठेवायचं असेल तर इथला गायक घेऊ, प्रती जास्त काढू, दौराही करू. शेवटी त्याने लिहिलं होतं, मला स्वतःला पहिला मार्ग आवडेल, पण बँड तुमचा आहे. चौघं मिळून ठरवा आणि कळवा.

चौघं मिळून.

मी गोंदाला आणि मियोशीला सांगितलं की आवाज बदलला नाही तर सगळंच रद्द. गोंदा म्हणाला, "मग रद्द होऊ दे की." मियोशी म्हणाला, "तोमोला विचारूया." मी म्हटलं, "मी बोलतो त्याच्याशी, तुम्ही मध्ये पडू नका." दोन आठवड्यांनी त्यांना म्हटलं, त्याला सगळं सांगितलंय, त्याला वाईट वाटतंय, पण तो अडवणार नाही; त्याच्यासमोर विषय काढू नका. आणि प्रेन्टिसला कळवलं की गायक स्वतःच सोडून जातोय, दुसरा मार्ग घ्या. ते पत्र मी ऑफिसच्या टाइपरायटरवर टाइप केलं. एकही चूक झाली नाही.

मार्चमध्ये त्यांना कळलं की मी तुला सांगितलंच नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, धीर झाला नाही. तिकिटं आली होती. ते दोघं माझ्याबरोबर आले ते कंपनीपुढे इलाज नव्हता असं समजून. त्यांना दोष देऊ नकोस.

का केलं, हे तू विचारशील. मी स्वतःला सांगत आलो की पाचशे प्रतींनी काय होणार, आपण तिशी ओलांडली, ही शेवटची संधी, इंग्रजीशिवाय तिकडे कोण ऐकणार. हे सगळं खरंही आहे. पण ते कारण नव्हतं.

आपल्या दुसऱ्या रेकॉर्डबद्दल इकडच्या एका मासिकात छापून आलं होतं, आठवतं? मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. पूर्ण नाही दाखवलं. अर्धं पान तुझ्या आवाजावर होतं. गिटारबद्दल एकच ओळ होती: 'गिटार ठीक आहे, मध्ये मध्ये येत नाही.' ती ओळ मी गाळली. तुझ्याबद्दलच्याही चार गाळल्या. वीस वर्षं मी तुझ्या शेजारी उभा राहून मध्ये मध्ये येत नव्हतो, तोमो. मला वाटलं, दुसरा कुणी गायला तर तेत्तो म्हणून ऐकू येईल ती माझी गिटार.

टिलबर्गला तीस माणसांनी तुझे श्वास घेतले. गिटार ठीक होती.

आज कार्यक्रमानंतर त्या दोघांना सांगतो. हे पत्र आधी टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

इसाओ


आमागासाकी
२९ जून

तोमो,

तीन आठवडे झाले परत येऊन. तुझ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा आलो होतो. पत्रच बरं.

त्यांना सांगितलं. ग्रोनिंगनच्या एका खानावळीत, टेबलाभोवती. क्लाइव्हही होता, त्याच्यासाठी मी इंग्रजीतही सांगितलं. मियोशी उठून बाहेर गेला आणि परत आलाच नाही. गोंदा बटाट्याचे तुकडे खात होता, ते खातच राहिला. बशी संपवली, हात पुसले आणि म्हणाला, "मी विचार करत होतो की तुझं डोकं फोडावं. पण तुला उद्या वाजवायचंय. उद्याचा कार्यक्रम करू. लोकांनी तिकिटं काढलीत. परवापासून मला तोंड दाखवू नकोस."

क्लाइव्हने आपली बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "मला सांगितलं होतं की तो सोडून गेलाय. मी माझ्या मुलींना ती रेकॉर्ड दाखवली." एवढं बोलून त्याने सिगरेट पेटवली. मी माफी मागितली. तो म्हणाला, "माझी नको मागू. मी रंग द्यायला परत जातोय. त्याची माग."

म्हणून मागतो. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. मी चुकलो एवढं लिहितो. चुकलो नाही, केलं. ठरवून केलं.

ऑफिसने मला परत घेतलं. टेबल बदललंय, आता खिडकीपाशी नाही.

काल ओगिनो बाईंकडे गेलो. त्यांनी आत घेतलं, चहा दिला, उकडलेल्या शेंगा पुढे ठेवल्या. तुझं नाव मीच काढलं. त्या म्हणाल्या, "मंगळवारी येतो अजून. इंग्रजी नाही शिकत. खोक्यातून चार हत्यारं आणतो आणि विचारतो, बाई, काही मोडलंय का? परवा काही मोडलेलं नव्हतं, तर मीच मागच्या दाराची कडी ढिली करून ठेवली." शेंगा सोलत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इसाओ, वर्गात तुझं इंग्रजी सगळ्यांत चांगलं होतं. मला तेव्हापासून तुझीच काळजी वाटायची."

वाउटरचं पाकीट यासोबत आहे. गोळ्याही. आणखी एक सांगतो: त्याने गोंदालाही लिहिलंय, कारण मी त्याला तुझ्या घशाचं खोटं होतं असं कळवलं. गोंदाने मला दारातच उभं करून ते पत्र वाचून घेतलं. मधे दोनदा थांबवून म्हणाला, "गाळू नकोस." नाही गाळलं. नोव्हेंबरात त्यांना तेत्तो टिलबर्गला हवाय. जपानी गाणी, सगळी, तुझ्या तोंडून. गिरणी त्यांनी मिळवलीय, तुम्हाला घरांमध्ये ठेवणार आहेत, वाउटरच्या आईने भात शिजवायला शिकायला घेतलंय म्हणे. गोंदा आणि मियोशी तयार आहेत, पण तुला विचारायला त्यांचे पाय उचलत नाहीत. म्हणून हा निरोपही मीच देतोय. हे योग्य नाही, मला माहीत आहे.

इसाओ


आमागासाकी
१७ ऑगस्ट

तोमो,

मियोशीची बहीण बाजारात भेटली. ती म्हणाली, गेल्या रविवारी तू गोदामावर आला होतास. गायला नाहीस, पण पेट्यांवर बसून ऐकलंस. एवढं मला पुरेसं आहे.

गिटारवर हारुए आहे असंही कळलं, वाद्यांच्या दुकानातली. चांगली निवड केलीत. पाच वर्षं ती दुकानात माझ्यासमोर माझेच तुकडे माझ्याहून वेगाने वाजवायची आणि मी तारा घेऊन मुकाट्याने बाहेर पडायचो.

यासोबत टिलबर्गला वाजवायच्या तेराही जपानी गाण्यांची गिटार सुरांनिशी लिहून पाठवतोय. रोज ऑफिसनंतर बसून लिहिली. जिथे बोटं अवघड जातात तिथे खूण केलीय. तिला द्या. 'उत्तरेचं फाटक' मध्ये तिने स्वतःचं काही घातलं तर घालू दे, त्याला जागा आहे.

मी येणार नाही. कुणी बोलावलेलं नाही, तरी सांगून ठेवतो, म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं व्हायला नको. बँडच्या नावावर माझा हक्क नाही, हेही लिहून देतो. पत्र संपवताना काय लिहावं ते सुचत नाही. उन्हाळा फार आहे. पाणी पीत जा.

इसाओ


आमागासाकी
२१ ऑगस्ट

इसाओ,

मला लिहायचा कंटाळा आहे. एकदाच लिहितो.

मार्चनंतर मी गायलो नव्हतो. कारखान्यातसुद्धा नाही. कारखान्यातले विचारायचे, वाकुई, बरं नाही का? तू टिलबर्गला माझ्या घशाबद्दल जे सांगितलंस ते खोटं होतं, पण फार खोटं नव्हतं.

वाउटरचं पत्र मी बाईंकडून वाचून घेतलं नाही. शब्दकोश घेऊन स्वतः वाचलं. दीड पानाला चार दिवस लागले. 'जिद्दी' आणि 'एकटा' या शब्दांत माझा घोटाळा झाला होता, तो नंतर सुटला. उत्तरही मीच लिहिलं. नोव्हेंबरात येतो म्हणून कळवलंय. इथून पुढे इंग्रजी पत्रं माझ्या घरी येतील. गोंदाला आणि मियोशीला मी वाचून दाखवीन, हळू का होईना.

तुझी पत्रं वाचली. त्या मासिकातल्या गाळलेल्या ओळी वाचून मला राग आला. कुठल्या ओळीचा जास्त आला ते अजून कळलेलं नाही. गिटार ठीक आहे असं लिहिणाऱ्या माणसाला काही कळत नव्हतं. हे मी तुला तेव्हाच सांगितलं असतं, तू वाचून दाखवलं असतंस तर.

हारुए तुझ्याहून बरी आहे. पण सातव्या गाण्याचा मधला तुकडा तिला तुझ्या कागदावरून जमत नाही. मी तिच्या शेजारी बसून तीनदा ऐकला. तिची चूक नाही. कागदावर तू जे लिहिलंयस ते तू वाजवत नाहीस. तू तिथे अर्धा ठोका उशिरा येतोस, माझा श्वास संपेपर्यंत थांबतोस. पहिल्यापासून थांबतोस. तुला ते ठाऊकच नसेल, म्हणून लिहिता आलं नाही.

रविवारी दोन वाजता गोदामावर ये. तिला दाखव. गोंदाला सांगून ठेवलंय, तो हात उचलणार नाही. मियोशी कदाचित बोलणार नाही, त्याचं त्याला बघू दे.

माझ्याशी बोलू नकोस. तीन महिने तूच बोलतोयस. मला गायचंय.

वाकुई तोमोहिको